तिरपा उजेड

उयुनीच्या इस्पितळात शस्त्रक्रियेची खोली एकच,
खिडकीला काळा कागद चिकटवलेला,
कारण बाहेर मिठाचं मैदान आहे
आणि ते कुठल्याही फटीतून आत येतं.

ताता इलारिओन कोल्के, वय एकाहत्तर.
चाळीस वर्षं कुऱ्हाडीने मिठाच्या विटा काढल्या.
डोळ्यांना चष्मा नाही, टोपीची कड तेवढी.
वरून ऊन, खालूनही ऊन;
टोपी बिचारी एकाच उन्हाशी भांडू शकते.

आता सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचा उजवा डोळा.
पायाने कळ दाबून मी झोत सरळ आत सोडते.
एरवी असा गेलेला उजेड
डोळ्याच्या तळाला शिवून माघारी येतो
तांबूस होऊन, चुलीतल्या निखाऱ्यासारखा,
आणि त्या तांबूसपणावर माझी सुई, माझा चिमटा,
पापुद्र्याची कड, सगळं रेखून दिसतं.
इथे काहीच परत आलं नाही.
पांढरं. नुसतं पांढरं.
याला मोती म्हणणारा माणूस
तो काढणारा नसावा.

मी झोत वाढवला.
नवखे सगळे हेच करतात, आणि बावीस वर्षांनंतर
मीही, क्षणभर.
पांढरं आणखी पांढरं झालं. दुसरं काही नाही.

तेव्हा आठवले ताताच,
तपासणीच्या खुर्चीत हनुवटी टेकवून बोलत होते,
अर्धं स्पॅनिश, अर्धं नर्सने पुरवलेलं:
"भर दुपारी मिठावर चालू नका, डॉक्टर.
भेगा असतात, दिसत नाहीत.
सूर्य कलू द्या.
मग एकेका कडेला सावली फुटते,
सगळं मैदान षटकोनांनी भरून जातं,
कुठे पाय टाकायचा ते हायू स्वतःच सांगतं."
हायू म्हणजे मीठ, त्यांच्या आयमारात.
मी मान डोलावली होती, औषधाचे थेंब मोजत.

"छताचे दिवे बंद कर, एरमिनिया."
सरळ झोतही मालवला.
बाजूची बारीक नळी तिच्या हातात, आडवी, आणखी खाली, तिथेच थांब.

कापडाखालून आवाज आला: "वीज गेली का?"
"नाही, ताता. संध्याकाळ केली."

हवेचा बुडबुडा, त्याखाली निळ्या रंगाचे दोन थेंब, मग धुणं.
कांद्याच्या सालीहून पातळ तो पापुद्रा
पहिल्यांदाच स्वतःची हद्द दाखवू लागला.
एक चुणी. तिची सावली. पुरे.
आत दूध दाबून बसलेलं. घाई केली की
निळ्याच्या मधोमध पांढरी चीर काठापर्यंत धावते,
शेजारच्या अर्जेंटिनाचा झेंडा हुबेहूब;
आमच्या धंद्यात तिला नावही झेंड्याचंच आहे.
फुटबॉलच्या मैदानात सोसतो आम्ही तो. इथे नाही.

चिमट्यात कड धरली. सावलीमागून सावली ओढत
वर्तुळ जिथून निघालं तिथे आणून पोचवलं.
किती वेळ गेला ते एरमिनियाला विचारा,
तिचा हात अवघडला होता.

गर फोडला, तुकड्यातुकड्याने ओढून घेतला.
मग पुन्हा सरळ झोत, अगदी मंद,
कारण ज्या पडद्यासाठी ही सारी खटपट
तो उजेडानेच भाजतोही.
आणि तळातून तांबडं वर आलं.
निखारा होता. राखेखाली होताच.
"आला," एरमिनिया म्हणाली, जसा कुणी बसमधून उतरावा.
भिंग बसवलं. दिवा आणखी उतरवला.

सकाळी पट्टी काढली.
ताता माझ्याकडे पाहून हसले वगैरे नाहीत.
काळा चष्मा दिला, तो त्यांनी टोपीला अडकवून ठेवला,
मग माझ्या दटावणीने डोळ्यांवर घेतला.
अकराची बस होती. ती गेली.
ते फाटकाजवळच्या बाकावर बसून राहिले,
मांडीवर उकडलेल्या बटाट्यांची पुरचुंडी.
"जायचं नाही का?" मी विचारलं.
"चारची धरतो," म्हणाले.
"आत्ता जाऊन काय दिसणार?"